मोरीत ओतलेला गाळ

आमच्या दवाखान्यात सकाळी सगळ्यात आधी कोण येतं असं विचाराल, तर डबे येतात. माणसं मागून. हिंगाची डबी, पावडरचा रिकामा डबा, काडेपेटी. एकदा तर एका मास्तरांनी मुलाची कंपासपेटी पाठवली होती. कागदात गुंडाळून, दोऱ्याने बांधून हे सगळं माझ्या केसपेपरच्या खिडकीवर ठेवतात आणि म्हणतात, "बाई, हे मन्सूरभाऊले देजा." जसा काही मी प्रसादच पोचवणार आहे. एकोणीस वर्षं मी या खिडकीत बसते आणि एकोणीस वर्षं ओरडते की संडासाचा नमुना इथे नाही, मागच्या खोलीत द्या. कोणी ऐकेल तर शपथ.

मागच्या खोलीत मन्सूर शेख बसतात. नागभीडमधला हा ट्रस्टचा छोटा दवाखाना, त्याची लॅब म्हणजे एक टेबल, एक सूक्ष्मदर्शक, एक मोरी आणि मन्सूरभाऊ. उंच, किडकिडीत, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत नीट घडी घातलेल्या. काचेच्या पट्ट्या ते इतक्या चकचकीत धुतात की नवी नर्स त्या वापरलेल्या आहेत हे मानायलाच तयार नव्हती. हा गुण वडिलांकडून आला. वडील कल्हईवाले होते, भाता आणि नवसागर घेऊन तलावाकाठच्या गावांतून हिंडायचे. मन्सूरभाऊ सांगायचे, अब्बा भांडं हातात आलं की आधी त्याच्या तळात बघायचे. काठ तर कोणीही चमकवतं. हे ते मला अनेकदा सांगत आणि मी अनेकदा ऐकून सोडून दिलं. पुढे जे झालं त्यानंतर ते हे वाक्य बोलायचे बंद झाले.

त्यांची तपासणीची रीत सोपी होती. नमुना घट्ट मिठाच्या पाण्यात कालवायचा, छोट्या बाटलीत काठोकाठ भरायचा आणि तोंडावर काच ठेवायची. जंतांची अंडी हलकी, ती तरंगून वर येतात आणि काचेला चिकटतात. वीस मिनिटांनी काच उचलून बघायची. बाटलीत उरलेलं मोरीत. बावीस वर्षं त्यांनी हेच केलं, आणि चांगलं केलं. आमच्या भागातल्या निम्म्या पोरांचे जंत त्यांनीच पकडले असतील. "मन्सूरने नाही म्हटलं म्हणजे नाही," असं मोठे डॉक्टर म्हणायचे. या वाक्याचा मन्सूरभाऊंना अभिमान होता, आणि तो त्यांना शोभतही होता.

नानाजी हे त्यांचे जिवाभावाचे मित्र. जातीने धीवर, गाव आमच्यापासून बारा किलोमीटरवर, मोठ्या तलावाच्या काठी. कल्हईच्या दिवसांत मन्सूरभाऊंचे अब्बा नानाजींच्या ओसरीवर मुक्काम करायचे, तेव्हापासूनचा हा घरोबा. नानाजी तलावात मासे धरतात आणि शिंगाडा लावतात. कार्तिकात शिंगाडा निघाला की पहिली टोपली मन्सूरभाऊंना यायची. हिरवागार, ओला, चिखलाचा वास असलेला. आम्ही सगळे लॅबच्या दारात उभे राहून दातांनी साल सोलून खायचो. शिंगाडा असाच खातात आमच्याकडे. तोडणारे तर डोंग्यातच, त्या लहान होडीतच बसून, तलावाच्या पाण्यात बुचकळून तोंडात टाकतात. उकडलेला बाजारासाठी, ओला आपल्या माणसांसाठी.

चार वर्षांपूर्वी नानाजींचा मुलगा आदेश गेला. सतरा वर्षांचा. उजव्या बरगडीखाली दुखायचं, ताप यायचा, डोळे पिवळे व्हायचे, मग पंधरा दिवस बरा. कावीळ म्हणून झाडपाला झाला, मग आमच्याकडे आणला. मन्सूरभाऊंनी तपासून लिहिलं, जंतांची अंडी आढळली नाहीत. शेवटी पित्ताची नळी सडली आणि नागपूरच्या वॉर्डात पोरगा संपला. मन्सूरभाऊ तीन दिवस कामावर आले नाहीत, नानाजींच्या ओसरीवर बसून होते.

आणि मागच्या वर्षी जानेवारीत नानाजी मुलीला घेऊन आले. दिव्यानी, वीस वर्षांची, आमच्याच गावच्या कॉलेजात शिकणारी. बरगडीखाली दुखतं, ताप येतो. केसपेपर लिहिताना माझा हात थांबला. नानाजींनी ते पाहिलं आणि नजर दुसरीकडे नेली. बायको चंदाबाई मात्र माझ्याकडे टक लावून बघत राहिली.

मोठ्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. रक्त फार कमी होतं, आणि जंत झाले की ज्या पेशी वाढतात त्या भलत्याच वाढलेल्या. ते म्हणाले, "मन्सूर, पोटात काहीतरी आहे हिच्या. नीट बघ." मन्सूरभाऊंनी एकदा बघितलं, दोनदा, तीनदा. तिन्ही वेळा मिठाचं पाणी, तिन्ही वेळा काच कोरी. जंताची नेहमीची गोळी दिली, फरक शून्य. मन्सूरने नाही म्हटलं म्हणजे नाही, तेव्हा डॉक्टरांनी जंतांचा विचार सोडला आणि तिला नागपूरला पाठवलं. तिथे पोटाच्या फोटोत काळजावर, म्हणजे यकृतावर, डाग दिसले. सर्जन म्हणाले, गाठ असू शकते, पोट उघडून बघावं लागेल. तारीख मिळाली मार्चची अठ्ठावीस.

ज्या दवाखान्यात आदेश गेला त्याच दवाखान्यात, त्याच मजल्यावर. चंदाबाईंनी जेवण सोडल्यासारखंच केलं होतं. "तिथून माह्या पोराले गुंडाळून आनलं," त्या मला खिडकीतून म्हणाल्या, "आता पोरीले बी तिथीच नेऊन राह्यले." मी त्यांना पाणी दिलं.

मन्सूरभाऊंना हातावर हात ठेवून बसणं जमत नव्हतं. पोरीत रक्त नाही, एवढ्या अशक्त पोरीचं पोट फाडणार कसं? तेव्हा त्यांनीच नानाजींना सांगितलं, कलेजी खाऊ घाला, रक्त वाढेल. नुसतं सांगून थांबतात होय. त्यांच्या घरून मंगळवारी आणि शुक्रवारी डबा निघायला लागला. त्यांची बायको सुलताना बकऱ्याची कलेजी तव्यावर मिरं टाकून भाजायची, आणि मन्सूरभाऊ मोटरसायकलने बारा किलोमीटर जाऊन तो डबा देऊन यायचे. दिव्यानी नाक मुरडून खायची. महिनाभर हे चाललं. मी त्यांची थट्टाही केली की कल्हईवाल्याचा लेक आता डबेवाला झाला.

याच सुमारास मेडिकल कॉलेजातून डॉ. मदीहा आल्या. तिशीच्या आतल्या, चपळ, खांद्यावर भलीमोठी बॅग. तलावाकाठच्या गुराढोरांच्या काळजात पानासारखा चपटा किडा असतो. तो माणसांतही आहे का, आणि असला तर संडासाच्या कोणत्या तपासणीत सापडतो, हे त्यांना पाहायचं होतं. एकाच नमुन्याच्या तीन तपासण्या करायच्या. पहिली मन्सूरभाऊंची मिठाच्या पाण्याची. दुसरी, नमुना जाळीतून दाबून, मोजक्या आकाराचा थर काचेवर पसरायचा आणि तसाच बघायचा. तिसरी, नमुना भरपूर साध्या पाण्यात कालवून गाळून घ्यायचा, उभ्या निमुळत्या ग्लासात ठेवायचा, गाळ तळाशी बसला की वरचं पाणी ओतून द्यायचं, पुन्हा पाणी, पुन्हा ओतायचं, पाणी नितळ होईपर्यंत. मग तळाचा गाळ बघायचा.

मन्सूरभाऊंना हे काही आवडलं नाही. "माही दादी डाळीतले खडे असेच काढत होती," ते माझ्याजवळ पुटपुटले. "यासाठी मेडिकल कॉलेज कायले लागते?" पण काम अंगावर घेतलं की ते उणं ठेवत नाहीत. तीन रकाने आखले, आणि रोज सात-आठ नमुने तिन्ही रीतींनी बघायला लागले.

एकतिसावा नमुना एका म्हशी राखणाऱ्या म्हाताऱ्याचा होता. मिठाच्या पाण्यात काही नाही. दाबलेल्या थरात काही नाही. गाळात दोन. त्यांनी मला हाक मारली. मी काही त्यातली जाणकार नाही, पण डोळा लावला तर रंग घातल्याने निळसर झालेल्या कचऱ्यात एक मोठं, लांबट, मधासारख्या रंगाचं अंडं पडलेलं, टोकाला बारीकसं झाकण. मी म्हटलं, छान दिसतंय हो. त्याच म्हाताऱ्याची मिठाच्या पाण्याची बाटली मन्सूरभाऊंनी उचलली, वरचं पाणी हळूच काढून टाकलं आणि तळाचा थेंब काचेवर घेतला. त्यातही तेच मधाच्या रंगाचं अंडं.

ते उठून मोरीजवळ जाऊन उभे राहिले. "ताई, हे जड असते," ते म्हणाले. "मिठाच्या पाण्यात बी बुडते. मी बावीस साल वरचं पाह्यलं अन् खालचं इथी ओतलं." मोरीच्या जाळीकडे ते असे बघत होते की मला भीती वाटली. मी उगाच म्हटलं, कोर्समध्ये शिकवलं तेच केलंत ना तुम्ही. त्यांनी ऐकलंच नाही. ते दिव्यानीचा विचार करत होते, हे मला कळत होतं. आणखी कोणाचा करत होते तेही कळत होतं, पण ते नाव दोघांनीही घेतलं नाही.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी दिव्यानीचा नमुना मागवला. तारीख होती मार्चची दहा. पाणी सात वेळा बदललं, आणि गाळात तीन अंडी निघाली. मन्सूरभाऊ धावत माझ्या खिडकीशी आले. एकोणीस वर्षांत त्यांना धावताना मी तेव्हाच पाहिलं. गाठ नाही, किडा आहे, पोट फाडायची गरज नाही, औषधाने जाईल. त्यांनी तिथूनच डॉ. मदीहांना फोन लावला. बोलता बोलता त्यांचा चेहरा उतरत गेला. शेवटी ते एवढंच म्हणाले, "हो मॅडम. खाल्ली. मीच देत होतो."

डॉक्टरीणबाईंनी एकच प्रश्न विचारला होता, मुलीने एवढ्यात कलेजी खाल्ली का? झालं असं की बकऱ्याच्या काळजातही हाच किडा असतो आणि त्याच्यात हीच अंडी असतात. तशी कलेजी खाल्ली की अंडी न पचता संडासातून निघून जातात. त्याने माणसाला काही होत नाही. पण काचेखाली ती अगदी तशीच दिसतात. दिव्यानीच्या गाळातली अंडी तिच्या पोटातली की सुलतानाच्या डब्यातली, हे जगातला कोणी माणूस नुसतं बघून सांगू शकत नव्हता. अशा रिपोर्टवर नागपूरचे सर्जन तारीख हलवणार नव्हते.

उपाय एकच. आठ दिवस कलेजीचा तुकडा तोंडात घालायचा नाही, मग पुन्हा तपासायचं. म्हणजे एकोणीस-वीस तारीख. तारखेला आठच दिवस उरणार.

सुलतानाला वाटलं आपण पोरीला विषच घातलं. ती दवाखान्यात येऊन रडली. मन्सूरभाऊंनी तिला समजावलं की किडा कलेजीतून होत नाही, तो तलावातल्या गवतातून, शिंगाड्याच्या सालीवरून पोटात जातो. तू फक्त माझं काम अवघड केलंस, आणि ते पण मीच सांगितलं म्हणून. हे त्यांनी इतक्या मायेने सांगितलं की मला त्यांचा राग येता येता राहिला.

नानाजींना समजावणं कठीण गेलं. ते लॅबच्या दारात उभे राहिले, आत आले नाहीत. "तुम्हीच म्हनलं खाऊ घाला, आता तुम्हीच म्हनता बंद करा. तीन डाव म्हनलं काई नाई, आता म्हनता हाय, पन हाय का नाई ते बी मालूम नाई. मन्सूरभाऊ, मी कोनाचं आयकू?"

"माहं आयका, भाऊ. आठ दिवस. एवढंच."

"आठ दिवस तिच्यापाशी हायेत का?"

नानाजी गेले, पण दिव्यानीने ऐकलं. मधेच गावात मातामायची पूजा झाली, बकरा पडला, आणि आजाऱ्याला प्रसादातली कलेजी द्यायची म्हणून चंदाबाई पान घेऊन आल्या. पोरीने पान कपाळाला लावलं आणि बाजूला ठेवलं. गावातल्या बायका बोलल्या. देवीचं नाकारलं, आता काय व्हायचं ते होईल म्हणाल्या. चंदाबाई दोन दिवस मुलीशी धड बोलल्या नाहीत.

एकोणीस तारखेचा नमुना आला. मन्सूरभाऊंनी थोडासा नाही, अख्खा नमुना पाण्यात घातला. ग्लासांची रांग लावली. गाळाचा थेंब न् थेंब पाहिला, दुपारचं जेवण तसंच राहिलं. काही नाही. वीस तारखेला पुन्हा. काही नाही. मी म्हटलं, म्हणजे ती डब्यातलीच होती का हो? ते म्हणाले, "हा किडा रोज अंडी सोडत नाई, ताई. रोजच्या रोज पाहा लागते." पण त्यांचाही धीर सुटत चालला होता. एकच काच ते तीन-तीनदा बघत होते.

एकवीसला दिव्यानी स्वतः नमुना घेऊन आली. ताप होता, भिंतीला धरून चालत होती. माझ्या खिडकीशी थांबून म्हणाली, "बाई, आज नाई निंघालं तं मी जाते नागपूरले. काकाले तरास नका देऊ म्हना." मी तिला बाकावर झोपवलं. आतून पाणी ओतल्याचा आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. साडेअकराला मन्सूरभाऊ दारात आले. "एक," ते म्हणाले. परत आत गेले. पंधरा मिनिटांनी आले आणि म्हणाले, "चार." मग दिव्यानीजवळ जाऊन उकिडवे बसले आणि तिच्या पायाला हात लावून, लहान मुलाने रडावं तसे रडले. त्या बिचारीला कळेना काय करावं. ती म्हणत होती, "काका, उठा ना, लोक पाहून राह्यले."

बावीसला पुन्हा निघाली. डॉ. मदीहांनी येऊन स्वतः बघितलं, नागपूरला अंड्यांचे फोटो पाठवले. सर्जनने कुरकुरत तारीख दोन महिने पुढे ढकलली. त्या किड्याचं माणसांना द्यायचं औषध आपल्याकडे सहज मिळत नाही. गुरांचं मिळतं, माणसांचं नाही, यातच सगळं आलं. एप्रिलमध्ये ते कुठून कुठून फिरून आलं. दोन डोस. जूनपर्यंत ताप गेला, फोटोतले डाग आक्रसले, आणि ऑपरेशनची तारीख कायमची गेली.

जूनच्या शेवटी नानाजी आले. हातात पळसाच्या पानात बांधलेले मासे. लॅबमध्ये गेले, मासे टेबलावर ठेवले आणि मन्सूरभाऊंना मिठी मारली. मी पण चहा घेऊन तिथेच होते. किती दिवसांनी तिथे हसणं झालं. मग नानाजींनी ते ग्लास बघितले, कसं करता म्हणून विचारलं. मन्सूरभाऊंनी दाखवलं. नानाजी गाळाकडे बघत होते. बघता बघता त्यांचा आवाज बदलला.

"आदेशचं बी तुम्हीच पाह्यलं होतं."

"हो, भाऊ."

"तवा असं पाह्यलं होतं का?"

"नाई. तवा वरचं पाह्यलं."

"अन् खालचं?"

मन्सूरभाऊंनी मोरीकडे बोट दाखवलं. "त्याले हेच होतं असं मले सांगता येत नाई," ते म्हणाले. "नव्हतं असं बी सांगता येत नाई. ज्याच्यात दिसलं असतं ते मी ओतून देल्लं."

मी तिथे होते म्हणून सांगते, मला मन्सूरभाऊंचा संताप आला. अरे, खोटं बोलायचं! तेव्हाही असंच बघितलं होतं, काही नव्हतं, असं म्हणून मोकळं व्हायचं. बापाला इतक्या वर्षांनी काय मिळणार होतं त्यातून? पण माझ्या मनात हे येईपर्यंत बोलून झालं होतं.

नानाजींनी मोरीत वाकून बघितलं. मग म्हणाले, "मले हे काऊन सांगतलं तुम्ही?"

"तुम्ही विचारलं, भाऊ."

नानाजी गेले. मासे टेबलावर तसेच राहिले. ते मी घरी नेऊन शिजवले.

त्यानंतर मन्सूरभाऊ पार खचले. जुनी रजिस्टरं कपाटातून काढून बसायचे. पानामागून पान, नाव, वय, गाव, आणि समोर त्यांच्याच वळणदार अक्षरात "आढळली नाहीत". मी एकदा रजिस्टर हिसकावून कपाटात टाकलं आणि किल्ली माझ्या खणात ठेवली. त्यांनी मागितली नाही. पण आता कोणाचाही नमुना आला, साध्या पोटदुखीचा असला तरी, ते तळाचा गाळ बघितल्याशिवाय रिपोर्ट देत नसत. रांग बाहेरच्या पायरीपर्यंत जायची, मोठे डॉक्टर चिडायचे, मी लोकांच्या शिव्या खायचे. मन्सूरने नाही म्हटलं म्हणजे नाही, हे वाक्य डॉक्टर आता म्हणत नव्हते, किंवा मन्सूरभाऊ ते ऐकायला थांबत नव्हते.

डॉ. मदीहांची तुलना पूर्ण झाली. एकशे चाळीस माणसांत मिठाच्या पाण्याने एकही सापडला नव्हता, दाबलेल्या थराने तीन, आणि गाळाने नऊ. कलेजी बंद करून पुन्हा तपासल्यावर नवांतले दोन गळले. उरले सात, सगळे औषधाने सुधारले. बाईंनी चंद्रपूरला बैठक घेतली, मन्सूरभाऊंचं नाव कागदावर छापलं. बसचं तिकीट काढूनही ते गेले नाहीत. मला म्हणाले, "सात लोकाईसाठी टाळ्या वाजवतीन. बाकीच्याइचं काय सांगू तिथी?"

कार्तिक आला आणि शिंगाड्याची टोपली आली नाही. अब्बांच्या काळापासून पहिल्यांदाच. त्या दिवसांत खिडकीवर काहीही वाजलं की मन्सूरभाऊ मागच्या खोलीतून मान काढून बघायचे. एकदा सुलताना मला म्हणाली, "हे नीट जेवत नाईत, बाई. ताट घेतलं की म्हनतात, नानाजीच्या घरी चूल पेटली असंन का." मी नानाजींच्या गावच्या नर्सला फोन केला. तिने सांगितलं, नानाजी शिंगाडा काढतायत, पण तलावावर आता कोणाला कच्चा खाऊ देत नाहीत. पोराने तोंडात टाकला की काठी घेऊन धावतात. काठावरच मोठं गंज, म्हणजे पातेलं, ठेवलंय, तिथेच उकडतात.

डिसेंबरात एका सकाळी खिडकीवर दिव्यानी आली. गालावर रक्त आलेलं, केस नीट विंचरलेले. हातात टोपली नव्हती. प्लॅस्टिकचा स्वच्छ, घट्ट झाकणाचा डबा होता, आणि त्यावर कागद चिकटवलेला. नाव, वय, तारीख. खाली पोरीच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: कलेजी आठ दिवस बंद.

नाव नानाजींचं होतं.

मी सवयीने म्हटलं, "इथे ठेव, देते मी." ती म्हणाली, "नाई बाई. बाबा म्हनत होते, मन्सूरकाकाच्याच हातात देजो. दुसऱ्यापाशी नाई." मी खिडकीतून बाहेर बघितलं. आवारातल्या चिंचेखालच्या बाकावर नानाजी बसले होते, दवाखान्याकडे पाठ करून.

मन्सूरभाऊंनी डबा दोन्ही हातांनी घेतला. चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली. मग कालवलं, गाळलं, ग्लासात ओतलं, आणि समोर स्टूल घेऊन बसले. पाणी गढूळ होतं, मग कमी गढूळ, मग नितळ. मी रांगेतल्या लोकांना चहा प्यायला पाठवलं आणि दारात उभी राहिले. काचेवर डोळा लावून ते फार वेळ बसले. त्यांनी मान वर केली तेव्हा मला विचारावं लागलं नाही.

ते बाह्या खाली न करता तसेच बाहेर गेले. मी मागे गेले, मला राहवलं नाही.

"हाय, भाऊ," मन्सूरभाऊ म्हणाले. "पाच दिसले."

नानाजींनी मान हलवली. नानाजींच्या पोटात निघालं, दिव्यानीच्या निघालं. एकाच डोंग्यातून, एकाच तलावाचा शिंगाडा खाणारं घर. तिसऱ्याच्या पोटात काय होतं याचा अंदाज आता कोणालाही करता आला असता. नानाजींचे डोळे भरून आले होते आणि मन्सूरभाऊ त्यांच्यासमोर शाळेतल्या पोरासारखे उभे होते.

"आता दिसलं ना तुमाले," नानाजी शेवटी म्हणाले. "मंग औषध द्या." आणि ते बाकावर थोडे बाजूला सरकले. मन्सूरभाऊ त्यांच्याशेजारी बसले. मी आत येऊन पुढचा केसपेपर लिहायला घेतला.